हस्ताक्षर शिकवताना आधी हात पाहावा

औसा तालुक्यातील एका आईने आपल्या दोन मुलांविषयी विचारले आहे. धाकटा मुलगा पावणेपाच वर्षांचा असून एका खासगी शाळेच्या लहान गटात जातो. त्याला मराठी आणि इंग्रजी मिळून रोज दोन पाने लिहिण्याचा गृहपाठ असतो. तो पेन्सिल मुठीत धरतो, ३ आणि ६ एकमेकांच्या जागी काढतो आणि संध्याकाळी वही समोर आली की रडू लागतो. मोठी मुलगी तिसरीत आहे. तिचे अक्षर लागत नाही आणि उत्तरे येत असूनही तिचा पेपर पुरा होत नाही. घरातल्या आजींचे म्हणणे असे की दोघांनाही रोज दहा ओळी शुद्धलेखन काढायला बसवावे. शेजारच्यांनी सुट्टीतला पंधरा दिवसांचा हस्ताक्षर सुधार वर्ग सुचवला आहे. यातले काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३१ वर्षे शिकवले आणि त्यातली बहुतेक वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली. तुमच्या दोन्ही लेकरांच्या अडचणी वेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच असावे असे मला वाटते. दोघांच्याही वह्या रोज तपासल्या जातात, पण लिहिताना त्यांचा हात कसा चालतो हे कोणी पाहत नाही. कागदावरचे अक्षर म्हणजे हाताने केलेल्या हालचालीचा माग असतो. ती हालचाल कुठून सुरू झाली, कुठे वळली आणि कुठे अडखळली, हे वही मिटल्यावर कळत नाही. म्हणून आज संध्याकाळी एवढेच करा, की मुलीला चार-पाच ओळी लिहायला सांगा, ती उजव्या हाताने लिहीत असेल तर तिच्या डाव्या खांद्यामागे उभ्या राहा आणि काहीही न बोलता फक्त पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहा. जे दिसेल त्याचा उपयोग पुढे होईल.

आधी धाकट्याविषयी लिहिते, कारण तिथे सगळ्यात आधी काही गोष्टी थांबवायला हव्यात.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, रूपात असतात आणि मग वर्षागणिक एकेक करून कठीण होत जातात. पाचव्या-सहाव्या वर्षीसुद्धा त्यांतली काही नुकतीच दिसू लागलेली असतात आणि शेवटचे हाड तयार व्हायला नववे ते बारावे वर्ष उजाडते. एवढ्यावरून लहान मुलांनी लिहूच नये असा निष्कर्ष कोणी काढू नये, पण पावणेपाच वर्षांच्या मुलाचा हात हा आपल्या हाताची लहान प्रतिकृती नसतो, हे ध्यानात असावे. पकडीचेही तसेच आहे. मूल आधी खडू मुठीत धरते आणि पूर्ण दंड हलवते. नंतर बोटे खडूवर येतात, पण हालचाल कोपरातून आणि मनगटातून होते. चौथ्या वर्षाच्या आसपास अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तीन बोटांची पकड दिसू लागते. आणि हात स्थिर ठेवून केवळ बोटांनी पेन्सिल फिरवणे पाचव्या-सहाव्या वर्षात जमते. तुमचा मुलगा या वाटेवर थोडा मागे आहे एवढेच. त्याला दोन पाने लिहायला लावल्याने तो पुढे येणार नाही, उलट मुठीची सवय पक्की होईल आणि लेखनाचा धसका बसेल.

मुठीतली पेन्सिल सोडवण्याचा माझा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पेन्सिल काढून घेणे आणि तिच्या जागी अंगठ्याच्या पेराएवढा खडूचा किंवा तेलखडूचा तुकडा देणे. एवढासा तुकडा मुठीत मावतो, पण मुठीने त्याची रेघ उमटत नाही. तो बोटांच्या टोकांतच धरावा लागतो. आपण लांबलचक नवी पेन्सिल देतो आणि मग ‘नीट धर’ म्हणून ओरडतो. तुकडा दिला की सांगावे लागत नाही.

बाकी हाताला बळ यायला आपल्या घरात काय कमी आहे? भुईमुगाची शेंग फोडायला अंगठा आणि तर्जनी यांनाच जोर लावावा लागतो. हरभऱ्याचे घाटे सोलणे, भाकरीच्या पिठाच्या गोळ्या वळणे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणे, सणाला चिमटीतून रांगोळी सोडणे, ही सगळी लेखनाचीच तयारी आहे. पोळ्याच्या आधी आपल्याकडची पोरे काळ्या मातीचे बैल करतात. ती चिकट माती मळून, ओढून, तिची शिंगे आणि वशिंड काढताना बोटांना जो व्यायाम होतो तो कोणत्याही वहीतून होत नाही. माझ्या वर्गात बैल चांगले करणाऱ्या मुलांची अक्षरे पुढे लवकर वळणावर येत, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. उभ्या भिंतीवर काम देणेही फार उपयोगी आहे, कारण भिंतीवर रेघ काढताना मनगट आपोआप मागे झुकते आणि लिहिताना ते तसेच असावे लागते. रंगाचा जुना ब्रश आणि वाटीभर पाणी द्या. उन्हाळ्यात आपल्या भिंतीवर पाण्याची रेघ पाहता पाहता वाळते आणि लेकराला तीच जागा पुन्हा मिळते.

आपल्याकडे धुळाक्षरे हा शब्द होता आणि धूळपाटीवर बोटाने गिरवून मग लेखणी हातात देण्याची रीत होती. ताटात पसरलेला बारीक रवा किंवा चाळलेली माती अजूनही तेच काम करते. बोटाला घर्षण जाणवले की हालचाल ध्यानात राहते. माँटेसरी पद्धतीतली खरखरीत कागदाची अक्षरे याच तत्त्वावर आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे कोसबाडला वाढवले. तिथे महागड्या साधनांऐवजी शेण, माती, पाने, बिया, शिंपले असे परिसरातले साहित्य वापरले गेले. धूळपाटीनंतर दगडी पाटी घ्यावी. पेन्सिलीचा करकर आवाज आणि किंचित अडवणूक यांमुळे हाताला स्वतःचा वेग कळतो आणि चुकलेले पुसून टाकता येते, त्यामुळे चूक कायमची उरत नाही. एक सूचना मात्र आवर्जून करते. पाटीवरची पेन्सिल किंवा माती सतत खाणारे मूल दिसले तर त्याला रागवू नका, त्याचे रक्त तपासून घ्या. पुष्कळदा शरीरात लोह कमी पडल्याचे ते लक्षण असते.

आता ३ आणि ६. चमचा डावीकडे तोंड करून ठेवला किंवा उजवीकडे, तरी तो चमचाच असतो. बैल कोणत्याही बाजूने पाहिला तरी बैलच. जन्मापासून लेकराने हेच शिकलेले असते. दिशा बदलली की वस्तूचे नाव बदलते, असा अनुभव त्याला अक्षरे आणि आकडे यांच्यातच पहिल्यांदा येतो. म्हणून सातव्या वर्षापर्यंत अधूनमधून उलटे अक्षर येणे यात काळजीचे काही नाही. माझे वडील १९४८ पूर्वी, निजामाच्या राजवटीत शाळेत गेले. शाळेत उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू आणि घरी डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी, अशा दोन्ही लिप्या ते शेवटपर्यंत सफाईने लिहीत. दिशा ही हाताला शिकवण्याची गोष्ट आहे, हे मला त्यांच्याकडे पाहून लहानपणीच कळले होते. तुमच्या मुलाला ३ आणि ६ एकत्र शिकवू नका. आधी फक्त ३ घ्या. तो वरून डावीकडून निघतो आणि दोनदा उजवीकडे पोट काढतो, हे तोंडाने म्हणत खांद्यापासून हात फिरवून हवेत काढा, मग अंगणात, मग पाटीवर. दोन-तीन आठवड्यांनी तो न चुकता येऊ लागला की मगच उजवीकडून निघणारा ६ काढायला घ्या. दोन सारख्या गोष्टी एका दिवशी समोर ठेवून ‘यांतला फरक लक्षात ठेव’ असे सांगणे हीच गोंधळाची सुरुवात असते.

गृहपाठाविषयी शाळेशी बोलावेच लागेल. पहिलीचा प्रवेश सहाव्या वर्षी होतो आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. बाईंवरही पालकांचाच दबाव असतो. वही भरलेली दिसली नाही तर शाळेत काही शिकवत नाहीत असे आपणच म्हणतो. ‘बाई, दोन पानांऐवजी तो घरी पाटीवर पाच मिनिटे तुम्ही सांगाल तेच अक्षर काढील, मी स्वतः बसून काढून घेईन’ असे म्हणालात, तर बहुतेक बाई मान्य करतील असा माझा अनुभव आहे.

आता मुलीकडे वळते, कारण देवनागरी अक्षराची खरी घडण इथे सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर गेलेले कुटुंब पाडव्याच्या आसपास परत येई. कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, बसून तिने भावाच्या पुस्तकातून अक्षरे स्वतःच पाहून पाहून उतरवली होती. वही पाहिली तर अक्षर ठीक वाटे. पण एका ओळीला तिला इतका वेळ लागे की बाकीची मुले पान उलटत. एक दिवस मी तिच्या मागे उभी राहिले. ती म काढत होती. आधी उजवीकडचा दंड, तोही खालून वर. मग पेन्सिल उचलून डावीकडची रेघ. मग पुन्हा उचलून खालची गाठ वेगळी गोल करून चिकटवलेली. आणि शेवटी दंडापासून गाठीपर्यंत आडवी रेघ, उजवीकडून डावीकडे. जे अक्षर एका वळणात उतरायचे त्याचे तिने चार तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकडा नजरेने मोजून जोडला होता. ती लिहीत नव्हती, प्रत्येक म चे चित्र काढत होती. तिला हुशार म्हणावे की तिची कीव करावी, असे मला झाले. तिच्याकडून आम्ही सारे मुळापासून करून घेतले, दर दोन-तीन दिवसांनी एक अक्षर, आणि पावसाळा संपेपर्यंत तिचा हात मोकळा झाला.

तुमच्या मुलीच्या पेन्सिलीचे टोक पाहताना असेच काही दिसण्याची शक्यता फार आहे. म्हणून देवनागरीच्या वाटा नीट सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकते आणि इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे एकाच वयात, एकाच दप्तरात दुरेघी आणि चाररेघी अशा दोन वह्या येतात आणि लेकरू मराठी अक्षरेही खालच्या रेघेवर बसवू लागते. मग ग लहान, म मोठा, वरची पातळी खाली-वर, आणि शिरोरेखा द्यायची वेळ आली की ती डोंगरासारखी चढते-उतरते. मराठीच्या वहीत वरच्या रेघेवर लाल पेन्सिलीने ओळ ओढून द्या आणि प्रत्येक अक्षर त्या ओळीला टांगायचे आहे असे सांगा. दोरीवर कपडे वाळत घालण्याची उपमा मुलांना लगेच कळते.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या क्रमाची. तक्त्यावर क, ख, ग असा जो क्रम असतो तो उच्चाराच्या स्थानांप्रमाणे लावलेला आहे आणि त्या कामासाठी तो अतिशय सुंदर आहे. हाताला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण क च्या पाठोपाठ येणाऱ्या ख ची हालचाल क पेक्षा अगदी निराळी आहे. आपल्या जुन्या गुरुजींना हे ठाऊक होते, म्हणून तर मराठीत अक्षरओळखीला ‘गमभन’ म्हणतात. ग मध्ये उभी रेघ खाली येऊन गाठीत थांबते आणि शेजारी दंड पडतो. तीच गाठ पुढे सरकून दंडाला भिडली की म होतो. म च्या डाव्या रेघेच्या डोक्यावर आणखी एक गाठ दिली की भ. आणि नुसती गाठ आडव्या रेघेने दंडाला जोडली की न. एका हालचालीवर चार अक्षरे येतात. तसेच व, ब, क यांचे घर एक. प, ष, फ यांचे एक. ट, ठ, ढ यांचे मान आखूड असलेले एक. तुमच्या मुलीची जी अक्षरे बिघडली आहेत ती सुटीसुटी न घेता घराण्याने घ्या. म सुधारला की भ आणि न यांचे अर्धे काम झालेले असते.

तिसरी गोष्ट शिरोरेखा. ती शब्द पुरा झाल्यावर, डावीकडून उजवीकडे, शक्यतो एका ओढीत द्यावी. प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी घालत गेले की वेळही जातो आणि शब्द तुटका दिसतो. काही मुले उलट आधी लांब रेघ ओढून मग तिला अक्षरे लावतात. मोडी लिहिणारे आपले पूर्वज तसेच करीत. ओळभर रेघ आधी आखून तिच्याखाली हात न उचलता अक्षरे उतरवीत. ज्या हेमाडपंतांना परंपरा मोडीचे श्रेय देते ते याच आपल्या देवगिरीच्या यादवांचे प्रधान होते. पण मोडीतली ही सोय देवनागरीत चालत नाही, कारण इथे शिरोरेखा सगळीकडे सारखी जात नाही. भ, ध आणि थ यांच्या डाव्या भागावर ती नसते, आणि ती तिथे नसणे हाच त्यांचा म, घ आणि य यांच्यापासूनचा मोठा फरक आहे. घाईत सरसकट रेघ ओढली आणि गाठही निसटली की ‘भाऊ’चा ‘माऊ’ होतो, ‘धन’चे ‘घन’ होते. तपासणाऱ्याला वाटते लेकराला शुद्धलेखन येत नाही. खरे तर त्याला शब्द येत असतो, हात जिथे उचलायचा तिथे उचललेला नसतो. ख चे दुखणे याच जातीचे आहे. त्याचे दोन भाग खाली जोडले गेले नाहीत तर ‘खाना’ हा शब्द ‘रवाना’ असा वाचला जातो.

चौथी गोष्ट पहिली वेलांटी. ‘कि’ म्हणताना क आधी उच्चारला जातो आणि वेलांटी मात्र त्याच्या डावीकडे पडते. मूल आधी क काढते, मग मागे वळून वेलांटीसाठी जागा शोधते आणि ती आधीच्या अक्षराच्या अंगावर चढवते. माझ्या वर्गात मी असे सांगत असे, की वेलांटीची उभी रेघ आधी काढा, मग अक्षर लिहा, मग शिरोरेखा द्या आणि सगळ्यात शेवटी वरची कमान त्या उभ्या रेघेपासून अक्षराच्या दंडापर्यंत आणून टेकवा. कमान दंडाच्या आधीच संपली किंवा पुढच्या अक्षरावर गेली की वाचणारा अडखळतो. ‘पिशवी’, ‘किनारा’, ‘शिवार’, ‘मिरची’ असे पाच-सहा शब्द रोज, एवढा सराव पंधरवडाभर पुरतो.

आणखी एक बारकावा. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ही रूपे प्रमाण ठरवली आहेत. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ तक्त्यांवर आणि गिरवण्याच्या पुस्तकांवर हिंदीतली, म्हणजे दंडाचा ल आणि गाठीचा श, ही रूपे छापलेली असतात. पुस्तकात एक ल, भिंतीवर दुसरा ल, असे झाले की लहान मुलाच्या हातात तिसराच ल तयार होतो. तक्ता घेताना ही दोन अक्षरे पाहूनच घ्या.

आता आजींच्या दहा ओळींविषयी, त्यांचा मान राखून. रोजचा सराव हवा, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण मुलांनी काढलेली दहा ओळींची कोणतीही वही उघडून पाहा. पहिली ओळ वरच्या कित्त्यासारखी असते. दुसरी ओळ काढताना मूल कित्त्याकडे पाहत नाही, ते स्वतःच्या पहिल्या ओळीकडे पाहते, तिसरीला दुसरीकडे. पहिल्या ओळीत राहिलेली बारीकशी चूक अशी खाली खाली घरंगळत जाते आणि दहाव्या ओळीत ती मूळ अक्षराची जागा घेते, तीही दमलेल्या हाताने दहादा पक्की होऊन. ठिपके जोडून गिरवण्याच्या पुस्तकांचा दोष वेगळा आहे. तिथे मूल एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्यावर थांबत थांबत जाते. आकार उमटतो, पण ओघ येत नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात केरिन जेम्स यांनी २०१२ साली पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. काही अक्षरे मुलांनी स्वतः हाताने काढली, काही गिरवली आणि काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरे दाखवून मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी सर्वाधिक जागे झालेले दिसले. गिरवण्याने तसा परिणाम साधला नव्हता. तो प्रयोग रोमन अक्षरांवरचा असला तरी माझ्या पाटीवरच्या अनुभवाशी तो जुळतो. स्वतः काढलेले अक्षर दर वेळी थोडे वेगळे, वेडेवाकडे येते, आणि त्या वेडेवाकडेपणातूनच लेकराला अक्षराचे मर्म कळते.

म्हणून सराव असा करा. तुम्ही स्वतः मुलीच्या समोर ते अक्षर पाटीवर मोठे, सावकाश काढा आणि काढताना हालचाल शब्दांत सांगा: खाली, गाठ, सरळ, वरून दंड. तिने त्यावर दोनदा बोट फिरवावे. मग पाटी पालथी घालावी आणि तिने वहीत पाचच वेळा ते अक्षर स्मरणाने काढावे. नंतर तिने स्वतःच त्या पाचांतले सगळ्यात चांगले कोणते ते निवडून त्याला गोल करावा आणि ते चांगले का वाटले ते सांगावे. हा गोल तुम्ही करायचा नाही. ‘दंड सरळ आला’, ‘गाठ भरली नाही’ असे ती बोलू लागली की तिचा डोळा तयार झाला, आणि डोळा तयार झालेल्या मुलीच्या मागे कोणाला बसावे लागत नाही. शेवटी ते अक्षर असलेले दोन-तीन शब्द आणि तिच्या मनचे एक वाक्य. सगळे मिळून दहा-बारा मिनिटे. पंधराच्या वर जाऊ नका. कंटाळ्याने काढलेली ओळ ही चुकीचा सराव असते. आणि शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावणे तर कोणीही, कधीही करू नये.

ती कशी बसते तेही पाहा. आपल्याकडे मुले सतरंजीवर मांडी घालून, वही मांडीवर ठेवून, पाठीचा कणा वाकवून लिहितात. मग हाताचा सगळा भार पेन्सिलीवर येतो. चौरंग किंवा जेवणाचा रुंद पाट दोन विटांवर ठेवला तरी काम होते. कोपर टेकेल एवढी उंची हवी आणि डोळे वहीपासून तिच्याच कोपर ते मूठ एवढ्या अंतरावर हवेत. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची वही डावीकडे किंचित कललेली असावी आणि डावा हात वही धरायला मोकळा असावा. पान उलटून मागे बोट फिरवा. रेघांचे उंचवटे लागत असतील तर ती फार दाबून लिहिते आहे आणि म्हणूनच लवकर दमते. अशा वेळी मऊ, २बी पेन्सिल द्या. तीन बोटांच्या पकडीऐवजी चार बोटांची पकड असेल, अक्षर लागत असेल आणि हात दुखत नसेल, तर ती बदलण्याच्या मागे लागू नका. मूल डावखुरे असेल तर त्याचा हात बदलू नये. वही उजवीकडे कलती ठेवावी, पेन्सिल थोडी वर धरायला सांगावी, आणि त्याने शिरोरेखा उजवीकडून ओढली तरी हरकत घेऊ नये.

पेपर पुरा न होण्याचे कारण समजण्यासाठी तिच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: पुस्तकातला पाहून उतारा, तुम्ही सांगितलेला उतारा आणि वेळ अमावस्येच्या आपल्या शेतातल्या सणाविषयी ‘आमचा वेळ अमावस्येचा दिवस’ असे मनाने लिहिलेले काही. पाहून लिहिताना अक्षर बरे आणि मनाने लिहिताना विस्कटत असेल, तर अक्षरांच्या हालचाली अजून हाताच्या अंगवळणी पडलेल्या नाहीत. तिचे अर्धे ध्यान म कसा काढायचा यातच जाते आणि उत्तर सुचायला उरत नाही. तिन्हींत सारखेच खराब असेल तर वर सांगितलेली घराणी पहिल्यापासून घ्यावी लागतील. पाहून लिहितानाच सगळ्यात जास्त चुका होत असतील तर आधी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचे नीट दिसत नसलेली मुले ‘अक्षर खराब’ या शेऱ्याखाली वर्षे काढतात.

पंधरा दिवसांच्या वर्गाविषयी माझे मत स्पष्ट आहे. अशा वर्गांतून पुष्कळदा एक ठरावीक तिरके, सजवलेले वळण शिकवले जाते. सावकाश लिहिताना ते देखणे दिसते, परीक्षेत वेग वाढला की मूल जुन्या अक्षरावर येते, कारण जुनी हालचाल तशीच राहिलेली असते. तिथे शिकवणारे प्रत्येक मुलाचा हात चालताना पाहतात का आणि नंतर दोन महिने अधूनमधून बोलावतात का, एवढे दोन प्रश्न विचारा. दोन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर वर्ग लावायला हरकत नाही. नाहीतर ते पैसे मुलीच्या गोष्टीच्या पुस्तकांना लावा.

आजच्या तारखेचे तिचे एक पान काढून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तोच चार ओळींचा मजकूर घड्याळ लावून लिहून घ्या. तुलना तिची तिच्याशीच करायची, वर्गातल्या दुसऱ्या मुलीशी नाही. तीन महिने असा सराव झाल्यावरही अक्षरे ओळखू येत नसतील, बोलताना भरभर सांगणारी मुलगी कागदावर दोन ओळींत अडत असेल, वाचनातही अक्षरे गळत असतील किंवा दहा मिनिटांत हात दुखू लागत असेल, तर ते आळसावर ढकलू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. मुख्याध्यापकांना सांगून तिचे नाव त्या तपासणीत आवर्जून घालून घ्या, किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. लेखन-अक्षमता ही विशिष्ट अध्ययन अक्षमतेत मोडते आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. जाताना ते तारखा घातलेले सगळे कागद बरोबर न्या आणि ती कुठून कुठे हात फिरवते, याची तुम्ही पेन्सिलीच्या टोकाकडे बघून केलेली टिपणेही न्या.